डायपोल मोमेंटचं उत्तर दर वेळी वेगळं येतंय? आधी चार्जची बेरीज करा

एकच आकृती, तेच तीन चार्ज, तीच अंतरं. एका बाकावरच्या दोघी गणित सोडवतात आणि उत्तरं जुळत नाहीत. सूत्र दोघींचं बरोबर, गुणाकारही बरोबर. "मॅडम, मग चुकलं कोणाचं?" हा प्रश्न मला अकरावीच्या वर्गात दर वर्षी ऐकू येतो. एमएस्सीला गेलेले जुने विद्यार्थी फोन करतात तेव्हाही दुखणं बहुतेक हेच असतं, फक्त तीन चार्जच्या जागी तीन हजार अणू असतात. वही हातात आली की मी काय आधी बघते आणि काय नंतर, ते त्याच क्रमाने लिहिते आहे. डायपोल मोमेंट म्हणजे धन आणि ऋण चार्ज एकमेकांपासून किती आणि कोणत्या दिशेने वेगळे झालेत याचं माप; पुस्तकी मराठीत त्याला द्विध्रुव परिबल म्हणतात. वर्गात सगळे डायपोल मोमेंटच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणेन.

लक्षणं

यातलं एखादं तरी तुमच्या वहीत असेल:

– आरंभबिंदू दुसरीकडे घेतला की उत्तर बदलतं.
– उत्तर बरोबर दुप्पट किंवा बरोबर निम्मं येतं.
– आकडा जुळतो, पण बाण उलटा.
– समभुज त्रिकोणाच्या गणितात √३ यायला हवेत, तिथे २ येतात.
– आकृती चारही बाजूंनी सारखी दिसते, तरी उत्तर शून्य येत नाही.
– पाण्याच्या रेणूचं मोजलेलं डायपोल मोमेंट १.८५ डिबाय (रेणूंसाठीचं एकक, पुढे सांगते) आहे आणि तुमचं येतं ०.४९, नाहीतर २.३५, नाहीतर थेट साठच्या घरात.

पहिली तपासणी: सगळ्या चार्जची चिन्हांसकट बेरीज

याला दहा सेकंद लागतात आणि कागदाचा कोपरा पुरतो. तरीही ही पायरी जवळजवळ कोणीच करत नाही, म्हणून इथे मी जास्त वेळ थांबणार आहे.

डायपोल मोमेंट काढताना आपण प्रत्येक चार्जला त्याच्या स्थान-सदिशाने गुणतो आणि सगळे गुणाकार सदिश म्हणून मिळवतो. स्थान-सदिश आरंभबिंदूपासून मोजलेला असतो. आता आरंभबिंदू थोडा सरकवला तर काय होईल? प्रत्येक चार्जच्या स्थानातून एकच ठरावीक सदिश वजा होईल. चार्जने गुणून बेरीज घेतली की एकूण वजाबाकी होते ती 'एकूण चार्ज गुणिले सरकवलेलं अंतर' एवढी. एकूण चार्ज शून्य असेल तर ही वजाबाकीही शून्य, आणि आरंभबिंदू कुठेही घ्या, उत्तर तेच राहतं. एकूण चार्ज शून्य नसेल तर आरंभबिंदू जितक्या ठिकाणी घ्याल तितकी उत्तरं मिळतील, आणि त्यातलं एकही चुकीचं नसेल.

आकडे घालून बघू. आरंभबिंदूवर (०, ०) इथे +३ मायक्रोकूलोम, (२, ०) इथे −१ आणि (०, ३) इथे −२. अंतरं सेंटिमीटरमध्ये. बेरीज: ३ − १ − २ = ०. एक्स-घटक: −१ × २ = −२. वाय-घटक: −२ × ३ = −६. आता आरंभबिंदू (१, १) वर नेऊ. तिन्ही चार्जचे नवे निर्देशक अनुक्रमे (−१, −१), (१, −१) आणि (−१, २). एक्स-घटक: −३ − १ + २ = −२. वाय-घटक: −३ + १ − ४ = −६. काहीही बदललं नाही.

हेच गणित उतरवून घेताना एका मुलीने शेवटचा चार्ज −२ ऐवजी −१ लिहिला. बाकी सगळं तसंच. बेरीज आता +१ झाली. पहिल्या आरंभबिंदूपासून उत्तर (−२, −३), दुसऱ्यापासून (−३, −४). दोन्ही घटक बरोबर १-१ ने सरकले, म्हणजे एकूण चार्ज १ गुणिले सरकलेलं (१, १), आधी सांगितलं तसंच. तिने अर्धा तास गुणाकार तपासले होते. चूक गुणाकारात नव्हतीच, आकृतीवरून वहीत चार्ज उतरवताना झाली होती. बेरीज आधी केली असती तर पेन्सिल तिथेच थांबली असती.

म्हणून माझा आग्रह असतो: वहीत डावीकडे चार्जचा रकाना आखा आणि त्याच्या तळाशी बेरीज लिहा. ती लिहिल्याशिवाय उजवीकडचे रकाने भरायचे नाहीत.

बेरीज शून्य आली नाही, तर दोन शक्यता. एक, चार्ज उतरवताना चूक झाली. प्रश्न पुन्हा वाचा. दुसरी, प्रणालीवर खरोखरच निव्वळ चार्ज आहे. मग प्रश्नात आरंभबिंदू दिलेला असला पाहिजे आणि उत्तरातही 'अमुक बिंदूपासून' हे शब्द आले पाहिजेत. आरंभबिंदू दिलेलाच नसेल तर प्रश्न अपुरा आहे, आणि तसं उत्तरपत्रिकेत लिहायला घाबरू नका. एकटा एक चार्ज घ्या: त्याच्यावरच आरंभबिंदू ठेवला तर डायपोल मोमेंट शून्य, पाच सेंटिमीटर बाजूला ठेवला तर चार्ज गुणिले पाच. निव्वळ चार्ज असलेल्या कोणत्याही प्रणालीत असा एक बिंदू असतोच, चार्जचा मध्य, जिथून मोजलं की डायपोल मोमेंट शून्य होतं. ही गोष्ट पहिल्यांदा कळली की मुलं थोडी गोंधळतात. गोंधळू द्यावं, कारण नेमकी हीच गोष्ट पुढे आयनांशी काम करताना उपयोगी पडते.

दुसरी तपासणी: अंतर पूर्ण घेतलंय ना, आणि एककं

दुप्पट-निम्मं उत्तर येण्याचं कारण जवळपास नेहमी एकच असतं. दोन चार्जमधलं पूर्ण अंतर पुस्तकात 'दोन ए' असं लिहितात (काही पुस्तकांत 'दोन एल'), कारण मध्यबिंदूपासून प्रत्येक चार्ज 'ए' अंतरावर असतो. एनसीईआरटीच्या पुस्तकात हीच पद्धत आहे. प्रश्नात मात्र 'ए' म्हणजे पूर्ण अंतर किंवा चौरसाची पूर्ण बाजू असते. अक्षर तेच, अर्थ वेगळा. म्हणून सूत्रातलं अक्षर न बघता आकृतीत बोट ठेवा: ऋण चार्जवरून निघा, धन चार्जवर पोचा, मध्ये जेवढं अंतर कापलं तेवढंच घ्यायचं.

एककांचं थोडक्यात. मायक्रोकूलोम गुणिले सेंटिमीटर म्हणजे १०⁻⁸ कूलोम-मीटर. वरच्या उदाहरणाचं परिमाण √४०, म्हणजे सुमारे ६.३ × १०⁻⁸ कूलोम-मीटर. रेणूंसाठी हे एकक फार मोठं पडतं, म्हणून डिबाय वापरतात: १ डिबाय = ३.३३६ × १०⁻³⁰ कूलोम-मीटर. पीटर डिबाय यांना १९३६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात रेणूंच्या डायपोल मोमेंटवरचं काम होतं. एक आकडा मात्र पाठ असू द्या: एक इलेक्ट्रॉनचा चार्ज आणि एक अँगस्ट्रॉम (१०⁻¹⁰ मीटर) अंतर यांचा गुणाकार ४.८० डिबाय. पाण्याचं उत्तर ०.४९ आलं असेल तर ते बहुधा 'इलेक्ट्रॉन-अँगस्ट्रॉम' मध्ये आहे आणि ४.८० ने गुणायचं राहून गेलंय. गुणलं की २.३५ येतात; ते १.८५ का नाहीत, ते सातव्या तपासणीत.

तिसरी तपासणी: बाण कोणाच्या पद्धतीने काढलाय

फिजिक्समध्ये डायपोल मोमेंटची दिशा ऋण चार्जकडून धन चार्जकडे. केमिस्ट्रीच्या पुस्तकांत बाण धन टोकाकडून ऋण टोकाकडे काढतात आणि धन टोकाशी शेपटीवर आडवी रेघ मारतात, त्यामुळे तिथे अधिकचं चिन्ह दिसतं. हायड्रोजन क्लोराइड घ्या: फिजिक्सचा बाण क्लोरीनकडून हायड्रोजनकडे, केमिस्ट्रीचा हायड्रोजनकडून क्लोरीनकडे. सकाळी केमिस्ट्रीचा तास, दुपारी फिजिक्सचा, मग मुलाने कुठला बाण काढावा? चूक त्याची नाही, पण मार्क त्याचे जातात.

हा केवळ रिवाजाचा मुद्दा नाही. बाह्य विद्युत क्षेत्रात डायपोल ठेवला की त्याची ऊर्जा आणि त्यावरचं टॉर्क या बाणावरून काढतात. बाण उलटा असला तर स्थिर समतोल अस्थिर ठरतो आणि पुढचं अख्खं गणित उलटं होतं. स्थान-सदिश आणि चिन्हांसकट चार्ज वापरून बेरीज केली असेल तर फिजिक्सची दिशा आपोआप बरोबर येते. वरच्या उदाहरणात धन चार्ज आरंभबिंदूवर होता, ऋण चार्ज उजवीकडे आणि वर. उत्तर (−२, −६), म्हणजे बाण डावीकडे खाली, ऋणांपासून धनाकडे.

चौथी तपासणी: आकडे बाजूला ठेवून आकृतीकडे बघा

आकृतीच्या मध्यातून प्रत्येक चार्ज पलीकडे नेऊन बघा. तिथे तेवढाच आणि त्याच चिन्हाचा चार्ज बसत असेल तर डायपोल मोमेंट शून्यच असलं पाहिजे. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर क्रमाने +, −, +, − असे समान चार्ज ठेवले तर समोरासमोरच्या कोपऱ्यांवर एकच चिन्ह येतं, म्हणून उत्तर शून्य. कार्बन डायऑक्साइडचंही तसंच: मध्ये कार्बन, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर ऑक्सिजन. पण त्याच चौरसावर शेजारचे दोन + आणि पलीकडचे दोन − ठेवा, बेरीज शून्यच राहते आणि डायपोल मोमेंट मात्र 'चार्ज गुणिले बाजू' च्या दुप्पट निघतं.

आरशाची कसोटीही कामाची आहे. आकृतीला सममितीची एक रेषा असेल तर उत्तराचा बाण त्या रेषेवरच पडायला हवा. तो तिरका येत असेल तर कुठल्या तरी घटकात चिन्ह चुकलंय, आणि कुठल्या घटकात ते शोधायला आता अर्धीच जागा उरली.

एक सावधगिरी मनापासून सांगते. डायपोल मोमेंट शून्य म्हणजे आजूबाजूला विद्युत क्षेत्र नाही, असं नव्हे. +, −, +, − च्या चौरसाजवळ क्षेत्र असतंच, फक्त दूर जाताना ते लवकर विरतं. एकट्या चार्जचं विभव (पोटेन्शियल) अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतं, डायपोलचं अंतराच्या वर्गाच्या, तर या चौरसासारख्या क्वाड्रुपोलचं घनाच्या व्यस्त प्रमाणात.

पाचवी तपासणी: सदिश मिळवलेत की नुसत्या संख्या

समभुज त्रिकोणाचं गणित स्पर्धा परीक्षांच्या तयारीत हमखास भेटतं. पायाच्या दोन कोपऱ्यांवर +क्यू, +क्यू आणि शिखरावर −२क्यू, बाजू ए. मुलं −२क्यू चे −क्यू आणि −क्यू असे दोन भाग करतात, प्रत्येक भाग एका +क्यू शी जोडतात आणि दोन डायपोल मिळवतात. ही युक्ती अगदी योग्य आहे. प्रत्येक डायपोल 'क्यू गुणिले ए'. मग घाईत दोन्ही मिळवून '२ क्यू ए' लिहून मोकळे होतात. पण हे दोन बाण शिखरापासून निघून पायाच्या दोन कोपऱ्यांकडे जातात, त्यांच्यात ६० अंशांचा कोन आहे. सदिश बेरीज √३ क्यू ए येते आणि ती शिखराकडून पायाच्या मध्याकडे.

जोड्या लावण्याची युक्ती एकूण चार्ज शून्य असतानाच चालते. नाहीतर एक चार्ज जोडीदाराविना उरतो आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही. पहिली तपासणी सोडलेल्यांना ती इथे पुन्हा गाठते.

सहावी तपासणी: दुसऱ्या वाटेने त्याच उत्तराला या

हिला पाच-सात मिनिटं जातात, म्हणून इतकी खाली ठेवली. बेरीज शून्य असेल तर सगळ्या धन चार्जचा एक मध्य काढा, सगळ्या ऋण चार्जचा दुसरा. ऋण मध्यापासून धन मध्यापर्यंतचा सदिश घ्या आणि एकूण धन चार्जने गुणा. त्रिकोणात धन मध्य पायाच्या मधोमध, ऋण मध्य शिखरावर, मधलं अंतर म्हणजे त्रिकोणाची उंची, (√३/२) ए. गुणिले २क्यू: √३ क्यू ए. आधीच्या तीन चार्जच्या उदाहरणात ऋण मध्य (२/३, २) वर येतो, धन मध्य (०, ०) वर. ऋणाकडून धनाकडे सदिश (−२/३, −२), गुणिले ३: (−२, −६). जुळलं.

ही वाट मला आवडते, कारण पहिल्या वाटेवरची चूक हिच्यात पुन्हा होत नाही. त्याच रकान्यांतून पुन्हा तोच गुणाकार केला तर डोळा तीच चूक पुन्हा बरोबर म्हणून वाचतो.

सातवी तपासणी: कॉम्प्युटरवरच्या रेणूंसाठी

हा भाग एमएस्सी आणि पीएचडीवाल्यांचा.

पाण्याचं उत्तर २.३५ डिबाय आलं तर घाबरून प्रोग्रॅम खोडू नका. एसपीसी/ई नावाचं पाण्याचं मॉडेल वापरलं असेल तर तेच यायला हवं: ऑक्सिजनवर −०.८४७६, प्रत्येक हायड्रोजनवर +०.४२३८ इलेक्ट्रॉन-चार्ज, बंधाची लांबी १ अँगस्ट्रॉम, कोन १०९.४७ अंश. १.८५ हा वायुरूपातल्या एकट्या रेणूचा आकडा आहे. हे मॉडेल द्रव पाण्यासाठी बसवलेलं आहे, आणि द्रवात शेजारचे रेणू एकमेकांचं डायपोल मोमेंट वाढवतात.

उत्तर साठच्या घरात असेल तर रेणू तुटलाय. सिम्युलेशनच्या पेटीतून एका बाजूने बाहेर पडलेला अणू दुसऱ्या बाजूने आत घेतला जातो. पेटी ३० अँगस्ट्रॉमची असेल आणि एक हायड्रोजन असा पलीकडे गेला असेल तर ०.४२३८ × ३० × ४.८०, म्हणजे ६१ डिबायचा खोटा भर पडतो. आधी रेणू अखंड करा, मगच डायपोल मोमेंट काढा.

आणि पुन्हा बेरीज! मोठ्या रेणूत अणूंवरचे अंशात्मक चार्ज तीन दशांश स्थळांपर्यंत छाटले की शिल्लक राहते. ०.००२ एवढीशी शिल्लक आणि आरंभबिंदूपासून ५० अँगस्ट्रॉमवर बसलेला रेणू, एवढ्याने जवळपास अर्ध्या डिबायची चूक होते. एका विद्यार्थ्याचा रेणू पेटीत जसजसा सरकत होता तसतसं त्याचं डायपोल मोमेंट वाढत होतं, आणि तो आठवडाभर त्यामागचं भौतिक कारण शोधत होता. कारण त्या शिलकीत होतं.

कुठे थांबायचं आणि कोणाला विचारायचं

बिंदू-चार्ज संपून पसरलेला चार्ज सुरू झाला की बेरजेच्या जागी इंटिग्रेशन येतं. सरळ काडीवर चार्ज एकसारखा पसरला असेल तर तो सगळा काडीच्या मध्यावर आहे असं धरून डायपोल मोमेंट बिनचूक निघतं. पण कड्याचा वरचा अर्धा भाग +क्यू आणि खालचा −क्यू असेल तर मुलं मधलं अंतर व्यासाएवढं धरतात, तिथे चुकतं. अर्ध्या कड्यावरच्या चार्जचा मध्य कड्यावर नसतो, केंद्रापासून त्रिज्येच्या २/π पट अंतरावर असतो. म्हणून उत्तर 'क्यू गुणिले त्रिज्या' च्या ४/π पट. इंटिग्रेशन अजून हाताखाली बसलं नसेल तर इथे थांबा आणि तुमच्या शिक्षकांसमोर बसून एकदा पूर्ण गणित करून घ्या. अंदाजाने मध्य ठरवू नका.

खऱ्या रेणूचं डायपोल मोमेंट अणूंवर पूर्ण चार्ज ठेवून मिळत नाही. हायड्रोजन क्लोराइडमध्ये अंतर १.२७ अँगस्ट्रॉम आहे. टोकांना पूर्ण इलेक्ट्रॉन-चार्ज धरले तर ६.१ डिबाय येतात, आणि मोजलेलं आहे १.०८. इलेक्ट्रॉनांचा ढग कसा पसरलाय हे क्वांटम केमिस्ट्रीचं काम आहे, ते जाणणाऱ्याकडे जा. रेणू आयन असेल तर सॉफ्टवेअर कुठल्या बिंदूपासून मोजतं, वस्तुमान-मध्यापासून की आणखी कुठून, हे त्यांना पहिलं विचारा.

आणि स्फटिक. एका एकक-पेटीतले (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यातले) चार्ज बेरजेला शून्य असले तरी पेटीची कड कुठून कापली यावर तिचं डायपोल मोमेंट बदलतं, कारण अणू एका कडेवरून दुसरीकडे जातो. इथे वरच्या सातही तपासण्या हात टेकतात. किंग-स्मिथ आणि वँडरबिल्ट यांनी १९९३ मध्ये ध्रुवीकरणातला (दर एकक घनफळामागच्या डायपोल मोमेंटमधला) फरक बेरी-फेजच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या तरंगफलनातून निघणाऱ्या एका कोनाच्या, साहाय्याने काढण्याची रीत दिली, आणि आज घन पदार्थांवर काम करणारे तीच वापरतात. हे गणित हाताने करू नका, त्या विषयातल्या गाइडकडे जा.

जाताना वहीचं हे पान बरोबर असू द्या: प्रत्येक चार्ज चिन्हासकट, त्याचे तीन निर्देशक, एककं, आरंभबिंदू कुठे आहे, आणि रकान्याच्या तळाशी बेरीज.